वाहनाला कोणी वाहिले? : सिट्रोएन-केग्रेस मोहीमगाड्यांच्या इतिहासाचे फेरवाचन

मोटारींच्या इतिहासात १९३१ सालचे एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. श्रीनगरहून गिलगिटकडे जाणारी डोंगरातली अरुंद वाट, दरीच्या बाजूचा दगडी बांध ढासळलेला, आणि एक छोटी पट्ट्यांची गाडी अर्धी वाटेवर, अर्धी पोकळीवर अडकलेली. हे छायाचित्र जिथे जिथे छापले जाते तिथे साधारण एकच आशय त्याला चिकटवलेला असतो : यंत्राने हिमालयाला दिलेले आव्हान. आपली नजर गाडीवर खिळते. या वाटेवर गाडीच्या मागेपुढे चाललेल्या हमालांकडे आणि घोडेवाल्यांकडे ती क्वचित जाते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीसेक वर्षे लेथ आणि वेल्डिंगवर काढली, ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधल्या. हे छायाचित्र प्रथम रद्दीतल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात पाहिले, तेव्हा मला पहिला प्रश्न कारागिराचा पडला : ही गाडी या वाटेसाठी बांधलीच नव्हती, मग इथे आणली कशाला? त्या प्रश्नामागे लागून पुढची बारा-तेरा वर्षे गेली. शब्दकोश मांडीवर घेऊन फ्रेंच वाचायला शिकलो. हा लेख त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर आहे. खास मोहिमेसाठी गाड्या बांधणाऱ्यांचा इतिहास ज्या पद्धतीने लिहिला जातो, त्या पद्धतीवरचा आक्षेपही त्यात आहे.

झारचा बर्फ

अदोल्फ केग्रेस हा फ्रान्सच्या पूर्व भागातल्या एरिकूर गावचा. जन्म १८७९चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रशियात गेला आणि झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्याचा तांत्रिक प्रमुख झाला. झारच्या ताफ्यातल्या भारी गाड्या हिवाळ्यात निरुपयोगी होत. चाक बर्फात रुतते, कारण गाडीचे सगळे ओझे चार लहान ठिपक्यांवर येते. केग्रेसने मागची चाके काढून तिथे लांब पट्टे बसवले आणि पुढे घसरपट्ट्यांची सोय केली.

पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर तेव्हा होते, पण त्यांचे पट्टे लोखंडी साखळीचे. ते जड, खडखडाट करणारे आणि हळू. केग्रेसचा पट्टा कापड आणि रबर यांचा होता. आपल्याकडच्या जुन्या पिठाच्या गिरणीत इंजिनापासून जात्यापर्यंत जाणारा पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना लगेच कळेल. तोच पट्टा आडवा करून जमिनीवर अंथरायचा आणि गाडीने स्वतःच तो अंथरत आणि गुंडाळत पुढे जायचे. वजन हलके, आवाज कमी, वेग बरा. पण गिरणीवाल्याला पट्ट्याची खोडही ठाऊक असते. ओला झाला की तो घसरतो, म्हणून त्याला राळ लावावी लागते. केग्रेसच्या पट्ट्याचे वैरीही पुढे चिखल आणि झीज हेच ठरले.

क्रांतीनंतर केग्रेस फिनलंडमार्गे मायदेशी परतला. रशियात मागे राहिलेली त्याची कल्पना मात्र थांबली नाही. लेनिनच्या वापरातल्या रोल्स-रॉइसलाही केग्रेसचे पट्टे बसवलेले होते, आणि ती गाडी मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये येथील संग्रहालयात आहे. झार गेला, लेनिन आला, बर्फ तोच राहिला आणि पट्टाही तोच राहिला. यंत्राला राज्यकर्त्याशी देणेघेणे नसते, जमिनीशी असते. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याच आधाराने निवाडा करायचा आहे.

वाळू आणि जाहिरात

पॅरिसमध्ये झाक हँस्तँ या उद्योजकामार्फत केग्रेसची गाठ आंद्रे सिट्रोएनशी पडली. सिट्रोएन मुळात दातेरी चक्रांचा कारखानदार. महायुद्धात त्याने तोफगोळे बनवले आणि १९१९पासून मोटारी काढू लागला. जाहिरातीची त्याची जाण विलक्षण होती. १९२५पासून काही वर्षे आयफेल टॉवरवर त्याचे नाव दिव्यांनी झळकत होते. अशा माणसाच्या हाती पट्ट्यांची गाडी पडल्यावर तो ती केवळ शेतकऱ्यांना आणि लष्कराला विकून थांबणे शक्य नव्हते.

१७ डिसेंबर १९२२ रोजी अल्जीरियातल्या तुगूर्हून पाच गाड्या निघाल्या आणि ७ जानेवारी १९२३ रोजी तिंबक्तूला पोचल्या. प्रमुख होता सिट्रोएनचा उजवा हात जॉर्ज-मारी हार्ट, आणि त्याचा साथीदार वाळवंटाची माहिती असलेला लुई ओदुआँ-द्युब्रय. गाड्यांना नावे होती : सोनेरी भुंगा, रुपेरी चंद्रकोर, उडते कासव, आपिस बैल, सरपटती अळी. मोटारीने सहारा ओलांडण्याचा हा पहिला यशस्वी प्रवास. त्याचे श्रेय पूर्णपणे गाडीला आणि मॉरिस पनो, मॉरिस बिली यांच्यासारख्या मेकॅनिकांना द्यायला हवे.

का द्यायला हवे? कारण बर्फ आणि वाळू हा कारागिराच्या दृष्टीने एकच प्रश्न आहे. दोन्हीकडे जमीन मऊ असते आणि वजन पसरवावे लागते. झारच्या अंगणात सापडलेले उत्तर सहारात लागू पडले, ही नशिबाची गोष्ट नव्हे, ती विचाराची गोष्ट आहे. मोहीमगाडीच्या बांधणीचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या यशानंतर सिट्रोएनने सहारातून पर्यटकांची नियमित वाहतूक करण्याची योजना आखली, वाटेत मुक्कामाची ठिकाणे उभी करायला घेतली, आणि १९२५च्या सुरुवातीला, सेवा सुरू होण्याच्या तोंडावर ती गुंडाळली. त्याच सुमारास दुसरी मोठी मोहीम आफ्रिकेतून चालली होती. २८ ऑक्टोबर १९२४ रोजी कोलों-बेशारहून निघालेल्या आठ गाड्या, वाटेत चार गटांत विभागून, जून १९२५मध्ये मादागास्करला पोचल्या. चित्रकार अलेक्सांद्र याकोवलेफ आणि चित्रपट दिग्दर्शक लेओं प्वारिए सोबत होते. या मोहिमेला नाव दिले गेले ‘काळी सफर’ आणि नंतरच्या आशियातल्या मोहिमेला ‘पिवळी सफर’. माणसांच्या कातडीचा रंग प्रवासाच्या नावात घालून तो फलकांवर मिरवणे त्या काळच्या पॅरिसला खटकले नाही. आजही या मोहिमांवर कौतुकाने लिहिणारे ही नावे जशीच्या तशी वापरतात आणि पुढे जातात. आक्षेपाची पहिली जागा ही.

गिलगिटची वाट

तिसरी मोहीम भूमध्य समुद्रापासून पेकिंगपर्यंतची. मूळ बेत सोव्हिएत तुर्कस्तानातून जाण्याचा होता. त्या वाटेने पट्ट्यांच्या गाड्या जाऊ शकल्या असत्या. ऐन वेळी सोव्हिएत सरकारने परवानगी नाकारली. मग दोन गट करण्यात आले. हार्टचा ‘पामीर गट’ सात हलक्या गाड्या घेऊन ४ एप्रिल १९३१ रोजी बैरूतहून निघाला. व्हिक्तोर प्वँ या नौदल अधिकाऱ्याचा ‘चीन गट’ सात जड गाड्या घेऊन तिएन्त्सिनहून पश्चिमेकडे आला. पहिल्या गटात बामियानचा अभ्यासक जोसेफ हाकँ होता, दुसऱ्यात भूगर्भशास्त्रज्ञ धर्मगुरू पिएर तेयार द शार्दँ. अमेरिकेची नॅशनल जिओग्राफिक सोसायटीही सहभागी होती.

पामीर गट बगदाद, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर असा श्रीनगरला आला. इथून पुढे हिमालय. सातपैकी दोनच गाड्या पुढे न्यायचे ठरले.

आता कारागिराच्या नजरेने पाहू. श्रीनगर ते गिलगिट ही सुमारे ३६० किलोमीटरची वाट बुर्झिल खिंडीतून, म्हणजे चार हजार मीटरहून अधिक उंचीवरून जाते. ती ओझ्याच्या जनावरांसाठी बांधली होती. इथला प्रश्न मऊ जमिनीचा नव्हताच, रुंदीचा होता. वाट गाडीहून जेमतेम रुंद, वळणे गाडीच्या लांबीहून आखूड, कडेचे बांध गाडीचे वजन न पेलणारे. मऊ जमिनीवर वजन पसरवणारा पट्टा इथे फारसा कामाचा नव्हता, कारण वजन पसरायला जागाच नव्हती. खिंडीतल्या बर्फावर त्याचा उपयोग झाला असेल, पण बाकी वाटेवर ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही गाडी जन्मली तो प्रश्नच कुणी विचारत नव्हते.

मग गाड्या गिलगिटला पोचल्या कशा? जिथे जमेल तिथे चालवून, जिथे वाट खचली तिथे ती पुन्हा बांधून, आणि जिथे काहीच जमेना तिथे सुटी करून हमालांच्या पाठीवर. तीन आठवड्यांहून अधिक काळानंतर, ऑगस्टच्या सुरुवातीला, दोन्ही गाड्या गिलगिटात आल्या. मोहिमेचे अन्न, तंबू, कॅमेरे, सुटे भाग हे सगळे घोड्यांवरून आले. म्हणजे या टप्प्यात गाडी काहीच वाहत नव्हती. ती स्वतःच ओझे होती.

यावर कुणी असे म्हणेल, आणि माझ्या एका इंजिनियर मित्राने म्हटलेही, की सहज सुटी होणारी गाडी बांधणे हेही कौशल्यच आहे, मग त्याचे श्रेय का नाकारायचे? मुद्दा योग्य आहे. नट-बोल्ट उघडून पुन्हा अचूक जुळवता येणारे यंत्र बांधणे सोपे नाही, आणि डोंगरात ते जुळवणाऱ्या मेकॅनिकांपुढे मी हात जोडतो. पण हा मुद्दा मान्य केला तर पुढची पायरीही मान्य करावी लागते. सुटी केलेली गाडी आपोआप चालत नाही. तिच्या रचनेत मग माणसाची पाठ हा एक भाग गृहीत धरलेला असतो. इंजिनाची अश्वशक्ती, पट्ट्याची लांबी, टाकीत मावणारे पेट्रोल यांच्या तक्त्यात त्या भागाचीही नोंद हवी. ती मला कुठल्याही तक्त्यात आढळली नाही.

आणि ही पाठ कोणत्या वाटेवर वाकत होती, हेही पाहायला हवे. गिलगिटची वाट काश्मिरी शेतकऱ्याला दोन पिढ्यांपूर्वीपासून वेठीची वाट म्हणून ठाऊक होती. गिलगिटच्या लष्करी ठाण्याला धान्य पोचवण्यासाठी खोऱ्यातल्या गावांतून माणसे धरून नेली जात. काश्मीरचे जमीनमहसुली काम पाहणाऱ्या वॉल्टर लॉरेन्सने १८९५च्या आपल्या ग्रंथात या बेगारीची दहशत नोंदवली आहे. त्याआधी दोन वर्षे ई. एफ. नाइट या पत्रकाराच्या प्रवासवर्णनातही ती आली आहे. १८८९मध्ये गिलगिट एजन्सी पुन्हा स्थापन झाल्यावर इंग्रजांनी स्पेडिंग कंपनीकडून जनावरांची वाट बांधून घेतली. हिंदुस्थानच्या उत्तर सीमेवर रशियाला रोखणे हा त्यामागचा हेतू. १९३१मध्ये हार्टच्या गाड्या ज्या वाटेवर अडखळत होत्या ती हीच. वेठ शब्दाचा अर्थ महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

सिट्रोएनच्या हमालांना वेठीला धरले होते असे मी म्हणत नाही. मोहिमेने माणसे आणि घोडी भाड्याने घेतली होती. म्हणणे इतकेच की ओझे वाहणाऱ्यांची ती तयार व्यवस्था, ती वाट आणि त्या वाटेवरचे प्रशासन हे सगळे आधीच्या वेठीवर उभे होते, आणि गाडीचा ‘विजय’ त्या जोत्यावर रचला गेला.

आणखी एक योगायोग. याच जुलैत, १३ तारखेला, श्रीनगरच्या मध्यवर्ती तुरुंगाबाहेर जमलेल्या लोकांवर महाराजांच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि बावीस जण मारले गेले. काश्मीरच्या राजकारणाला तिथून वळण लागले. त्याच महिन्यात त्याच शहरातून दोन गाड्या डोंगराकडे निघाल्या होत्या. मोहिमेच्या गौरवकथेत काश्मीर येते ते सरोवरे, शिकारे आणि महाराजांचे आतिथ्य घेऊन.

गिलगिटनंतर

गिलगिटात हार्टने गाड्यांचा नाद सोडला. तिथून हुंझामार्गे पुढचा प्रवास घोडे आणि याक यांच्या काफिल्याने झाला. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतला निर्णायक पुरावा हाच आहे. गिलगिटपुढे जे केले ते श्रीनगरातच करता आले असते. पूर्वेकडून सात गाड्या येतच होत्या. श्रीनगर ते गिलगिट हा गाड्यांचा प्रवास वाहतुकीसाठी नव्हता, चित्रासाठी होता.

चीन गटाची गोष्ट वेगळी, आणि न्यायाने सांगायची तर ती अधिक मोठी आहे. सिंक्यांगचा राज्यपाल जिन शुरेन याने त्यांना उरुम्चीत अडकवून ठेवले. अखेर ऑक्टोबरात अक्सू येथे दोन्ही गट भेटले आणि चीन गटाच्या गाड्यांतून ऐन हिवाळ्यात गोबी ओलांडून १२ फेब्रुवारी १९३२ रोजी पेकिंगला पोचले. शून्याखाली तीस अंशांच्या आसपासच्या थंडीत, इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू होणार नाही या धास्तीत, पट्ट्यांनी आपले काम केले. वाळू, बर्फ, गोठलेली माती : पुन्हा केग्रेसचा मूळ प्रश्न, आणि पुन्हा बरोबर उत्तर. पण लोकांच्या आठवणीत राहिले ते गोबीतले यश नाही, दरीवर लोंबकळणारी गाडी राहिली.

हार्ट परतीच्या वाटेवर १६ मार्च १९३२ रोजी हाँगकाँगला न्यूमोनियाने वारला. व्हिक्तोर प्वँने त्याच वर्षी ऑगस्टात आत्महत्या केली. मोहिमेचा अधिकृत वृत्तांत जॉर्ज ल फेव्रने लिहिला. चित्रपटाचे काय झाले हे मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. दिग्दर्शक आंद्रे सोवाज याने वाटेतल्या माणसांकडे आणि मुलखाकडे लक्ष देऊन चित्रण केले होते. त्याचा चित्रपट आंद्रे सिट्रोएनला पसंत पडला नाही. तो सोवाजच्या हातून काढून घेऊन ‘काळ्या सफरी’च्या प्वारिएकडे सोपवला गेला आणि नव्या जुळणीसह १९३४मध्ये प्रदर्शित झाला. सोवाजने चित्रपट कायमचा सोडला आणि शेती धरली. गाडी डोंगरावर सुटी करून पुन्हा जोडली, तसाच चित्रपटही सुटा करून पुन्हा जोडला. गाडी जोडली तेव्हा ती होती तशीच राहिली, चित्रपट राहिला नाही.

कड्यावरून ढकललेल्या गाड्या

या परंपरेचा शेवट कॅनडात झाला. शार्ल बेदो हा कारखान्यांतल्या कामगारांचे श्रम मिनिटामिनिटाने मोजून मजुरी ठरवण्याची पद्धत विकून श्रीमंत झालेला गृहस्थ. १९३४च्या जुलैत त्याने पाच सिट्रोएन हाफ-ट्रॅक घेऊन एडमंटनहून ब्रिटिश कोलंबियाच्या अरण्यात मोहीम काढली. पाऊस, चिखल आणि जंगल. गिरणीवाल्याला माहीत असलेली पट्ट्याची खोड इथे पुरती उघडी पडली. अखेर गाड्या सोडून द्यायचे ठरले, पण तेही कॅमेऱ्यासमोर. दोन गाड्या कड्यावरून खाली सोडल्या, आणि एक तराफ्यावर घालून नदीत सोडली, सुरुंगाने उडवून चित्रित करण्यासाठी. सुरुंग उडालाच नाही. मोहीम पुढे गेली ती घोड्यांवर, आणि तीही मुक्कामाला पोचण्याआधीच परत फिरली. गिलगिटच्या वाटेवर निदान गाडी वाचवण्याची धडपड होती. इथे गाडीचा एकच उपयोग उरला होता, छायाचित्रात पडण्याचा.

त्याच वर्षी डिसेंबरात सिट्रोएन कंपनी दिवाळखोरीत गेली. जुलै १९३५मध्ये आंद्रे सिट्रोएन वारला. केग्रेसचा पट्टा लष्करांनी उचलला. अमेरिकी सैन्याने त्याच्या गाड्या विकत घेऊन त्यावरून स्वतःच्या घडवल्या, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हाफ-ट्रॅकांचे मूळ तिथे आहे. केग्रेस स्वतः दोन क्लचांच्या गिअरबॉक्सवर काम करत होता. तो १९४३मध्ये वारला. आज महागड्या मोटारींत मिरवणाऱ्या त्या तंत्राच्या आद्य जनकांत त्याची गणना होते. मोहिमांच्या गौरवकथेत मात्र केग्रेसचे नाव नेहमी सिट्रोएनच्या मागे, जोडरेघेनंतर येते.

तीन कसोट्या

प्रश्न फक्त सिट्रोएनचा नाही. १९३९मध्ये अमेरिकेच्या अंटार्क्टिका मोहिमेसाठी टॉमस पोल्टर यांच्या देखरेखीखाली ‘स्नो क्रूझर’ नावाची अवाढव्य गाडी बांधली गेली. तीन मीटर व्यासाची चार चाके, आत निजायची आणि प्रयोगशाळेची सोय. टायर मात्र गुळगुळीत. बर्फावर ती इतकी घसरली की उलट्या गिअरमध्येच बरी चाले. तिचा सर्वांत लांब प्रवास सुमारे १४८ किलोमीटरचा, तोही पाठमोरा. दिमाख होता, जमिनीची चौकशी नव्हती.

म्हणून मोहीमगाडीच्या इतिहासाकडे पाहताना मी तीन कसोट्या लावतो. पहिली : ही गाडी कोणत्या जमिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ती त्याच जमिनीवर नेली गेली का? दुसरी : ती बिघडल्यावर कोणी दुरुस्त केली, आणि त्याचे नाव नोंदले गेले का? तिसरी : ती थांबल्यावर तिला कोणी वाहिले? सहाराची मोहीम पहिल्या दोन कसोट्यांवर उतरते. गोबीची पहिल्या कसोटीवर उतरते. गिलगिटची पहिल्या कसोटीवर नापास होते, दुसरीवर उतरते, आणि तिसरी कसोटी मला वाचायला मिळालेल्या गौरवकथांनी लावलेलीच नाही.

आज आपल्याकडेही पिकअप आणि ट्रकवर घर बांधून लडाखला जाण्याची हौस वाढली आहे. अशा कामाचे गिऱ्हाईक माझ्याकडेही येते. नकाशे, दिवे, टपावरचा तंबू सगळे दाखवते. मी काम करतो, पैसे घेतो, हौसेला नाव ठेवत नाही. फक्त एक विचारतो : कुठल्या रस्त्याने जाणार, आणि अडकलात तर ओढायला कोण येणार? बहुतेक जण हसून म्हणतात, येईल की कोणीतरी गावातले.

येतेच. सव्वानऊ दशकांपूर्वीही आले होते. त्या ‘कोणीतरी’चे नाव लिहिण्याइतकी जागा इतिहासात असायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.